मुंबई उद्या राहणार कोठे?

मुंबईत ज्याचे कोणीच नाही असे घर आपल्या गावात शोधून सापडायचे नाही. कोणाचा भाऊ तिथे नोकरीला आहे, कोणाचा जावई, कोणाचा चुलता गिरणीत होता. सणाला गावी आला की माणूस मुंबईचे सगळे सांगतो. लोकल गाडी सांगतो, समुद्र सांगतो. पण "राहतोस कुठं?" असे विचारले की आवाज जरा खाली येतो. "आहे एक खोली," एवढेच म्हणतो. ती खोली किती हात लांब, तिच्यात किती माणसे निजतात, हे काही तो सांगत नाही.

मुंबईला उद्या किती घरे लागतील आणि ती कोठे बांधायची, याचा हिशेब सरकार आणि महानगरपालिका करतात. तो हिशेब नकाशावर मांडतात. त्याला विकास आराखडा म्हणतात. तुम्ही म्हणाल, हा शहराचा विषय झाला, आम्हा गावकऱ्यांना त्याचे काय? आहे हो, पुष्कळ आहे. घर बांधायचे म्हणजे जमीन लागते. आणि जमीन कोणाची तरी असतेच.

आधी घरे मोजतात कशी ते पाहू. 1951 साली मुंबईत सुमारे 30 लाख माणसे होती. 2011 च्या शिरगणतीत ती 1 कोटी 24 लाख भरली. साठ वर्षांत चौपट. पण नुसती डोकी मोजून भागत नाही. तुमच्या घरात तीन मुलगे आहेत. तिघांची लग्ने झाली, वेगळे निघाले, की एका चुलीच्या तीन चुली होतात. माणसे वाढली थोडी, पण घरे लागली तीन. शहरातही असेच होते. म्हणून हिशेब करणारे चुली मोजतात. त्यात पडायला आलेल्या जुन्या इमारती मिळवतात. कामधंद्यासाठी बाहेरून येणारे लोक मिळवतात. मग कोठे गरजेचा आकडा हाती येतो.

मुंबईने हा विचार पहिल्यांदा केला तो भीतीपोटी. 1896 साली तिथे प्लेग आला. दाटीच्या, अंधाऱ्या वस्त्यांत माणसे पटापट मेली. तेव्हा 1898 मध्ये सरकारने शहर सुधारण्यासाठी एक ट्रस्ट नेमला. पुढे 1920 नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. एकंदर 207 इमारती. एकेक खोली 160 चौरस फुटांची, म्हणजे दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब. आपल्याकडे एवढा गोठा असतो. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी मिळून भाड्याच्या खोल्या घेतल्या होत्या. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रातपाळीचे लोक येऊन त्याच जागेवर निजत. जेवायला खानावळ. अशा खोल्यांतून गावाकडच्या कित्येक घरांना मनिऑर्डरी गेल्या आहेत.

मग खाजगी चाळी बांधणे का थांबले? 1947 साली भाडे-नियंत्रणाचा कायदा झाला. भाडी 1940 सालच्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूला आधार मिळाला, हे खरे. त्या वेळी तो हवाच होता. पण वर्षे गेली, महागाई वाढली, भाडे मात्र तेवढेच राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली. आणि भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधायला कोणी पुढे येईना. लोक तर येतच होते. ते कोठे जाणार? रेल्वेच्या कडेला, डोंगराच्या उतारावर, खाडीच्या चिखलात त्यांनी झोपडी टाकली. 2011 साली मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे 42 माणसे झोपडपट्टीत राहत होती. झोपडपट्टी म्हणजे रिकामटेकड्यांची वस्ती, असे कोणी म्हटले तर ते खोटे आहे. शहराची भांडी घासणारे, रिक्षा चालवणारे, इमारती बांधणारे हेच लोक. शहराने त्यांचे काम घेतले, त्यांच्या घराचा हिशेब मात्र केला नाही. आम्हाला यात दोष झोपडी टाकणाऱ्याचा वाटत नाही.

आता आराखड्याकडे वळू. मुंबईचा पहिला विकास आराखडा 1964 मध्ये तयार झाला आणि 1967 मध्ये मंजूर झाला. दुसरा 1991 मधला. तिसरा 2018 मध्ये लागू झाला, तो 2034 सालापर्यंतचा आहे. आराखड्याच्या नकाशात रंग असतात. राहण्याची जागा पिवळी, मोकळ्या जागा हिरव्या. शाळा, दवाखाना, मैदान यांसाठी जागा राखून ठेवतात. त्याला आरक्षण म्हणतात. नुसती घरे बांधून माणूस जगत नाही. पाणी, गटार, शाळा हे सगळे बरोबर यावे लागते. मागच्या आराखड्यांतली पुष्कळ आरक्षणे कागदावरच राहिली, हेही सांगितले पाहिजे.

मुंबई तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली. जमीन वाढत नाही. म्हणून पहिला उपाय, वर चढणे. यात एक शब्द वारंवार येतो, एफएसआय. मराठीत त्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. एक गुंठा जमीन घ्या. ती 33 फूट लांब, 33 फूट रुंद, म्हणजे 1089 चौरस फूट. एफएसआय एक असेल, तर सगळ्या मजल्यांचे मिळून 1089 चौरस फूट बांधता येते. सगळा गुंठा व्यापून एक मजला बांधा, नाहीतर अर्ध्या गुंठ्यावर दोन मजले बांधा. एफएसआय तीन केला, की त्याच गुंठ्यावर 3267 चौरस फूट बांधता येते. जमीन तेवढीच, पण तिची किंमत कागदावरच्या एका आकड्याने वाढली. म्हणून या आकड्यासाठी शहरात एवढी ओढाताण चालते.

झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना याच आकड्यावर उभी आहे. तिच्यासाठी 1995 मध्ये वेगळे प्राधिकरण नेमले. योजना अशी: बांधणारा बिल्डर झोपडीवाल्यांना त्याच जागेवर फुकट घर बांधून देतो. त्याच्या बदल्यात सरकार त्याला जास्त बांधकाम करू देते. ते जास्तीचे बांधकाम तो बाजारात विकतो आणि आपला खर्च व नफा काढतो. फुकट घर आधी 225 चौरस फुटांचे होते, मग 269 झाले, आता 300 आहे. दोन लाखांहून जास्त घरे या रीतीने झाली. पण मेख ध्यानात घ्या. जिथे जमिनीला भाव आहे तिथे बिल्डर धावत येतो. जिथे भाव नाही तिथे कोणी फिरकत नाही. आणि काही ठिकाणी झोपड्या पाडून झाल्यावर काम रखडते. मग लोक वर्षानुवर्षे भाड्याच्या किंवा तात्पुरत्या जागेत दिवस काढतात.

दुसरा उपाय गिरण्यांच्या जमिनीचा होता. ही गोष्ट गावाकडच्या पुष्कळ घरांना लागते. मुंबईत 58 कापड गिरण्या होत्या, त्यांची जमीन सुमारे 600 एकर. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. 1991 च्या नियमात असे होते की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करावे. एक वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक गोरगरिबांच्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. वाटणी न्यायाची होती. पण 2001 मध्ये नियमात बदल झाला. बांधकाम नसलेली मोकळी जमीन तेवढीच वाटायची, असे ठरले. गिरण्यांच्या जमिनीवर तर शेड आणि इमारतीच पसरल्या होत्या. त्यामुळे वाटायला उरलेली जमीन फारच थोडी झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2006 मध्ये न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कामगारांच्या घरांसाठी 2012 मध्ये सोडत निघाली, तीत 6,925 घरे होती. घर मागणारे कामगार आणि त्यांचे वारस दीड लाखाहून अधिक. त्यांतले कितीतरी आज साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे, कोकणात आपल्या गावी राहतात. नियमातले चार शब्द बदलले आणि शेकडो एकर इकडचे तिकडे झाले. वाचता येण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर त्याला ही गोष्ट सांगा.

तिसरा उपाय खाडीपलीकडचा. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक कल्पना मांडली. मुंबई दक्षिणोत्तर लांबट आहे. सकाळी सगळे दक्षिणेला कामाला धावतात, संध्याकाळी सगळे उत्तरेला परततात. गाड्या फुटेस्तोवर भरतात. त्यापेक्षा पूर्वेला, खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. सरकारी कचेऱ्याही तिकडे न्याव्या, म्हणजे कामही तिकडे आणि घरही तिकडे. सरकारला हे पटले. 1970 मध्ये सिडको ही संस्था स्थापन झाली. 344 चौरस किलोमीटर जागा ठरली. तीत 95 गावे होती. भातशेती होती, मिठागरे होती, कोळीवाडे होते.

1973 मध्ये खाडीवर पूल झाला. पुढे घाऊक बाजार वाशीला आले. रेल्वे मात्र 1992 साली वाशीला पोचली, आणि तीही तिच्या खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सिडकोने उचलला म्हणून. मंत्रालय काही तिकडे गेले नाही, ते अजून दक्षिण मुंबईतच आहे. रेल्वे नाही आणि कचेरी नाही, मग माणूस तिकडे राहायला का जाईल? म्हणून नवे शहर वाढायला फार वेळ लागला. घर, काम आणि गाडी ही तिन्ही एका दाव्याला बांधावी लागतात.

आणि ज्यांची जमीन गेली त्यांचे काय? शेतकऱ्यांना मोबदला मिळाला तो शेतीच्या भावाने. त्याच जमिनीवर शहर झाल्यावर भाव कोठल्या कोठे गेला. त्यातून रोष वाढला. दि. बा. पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात पाच जण मेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादन झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा, ही ती योजना. हिशेब करून पाहा. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातून रस्ते आणि सोयी-सुविधांसाठी 30 टक्के कापतात. हाती उरतात साडेतीन गुंठे. पण ते शहरातले गुंठे. ज्यांनी ते धरून ठेवले त्यांचे बरे झाले. ज्यांनी गरजेपोटी घाईने विकून टाकले त्यांच्या हाती फार काही राहिले नाही.

एवढे करून घरांचा प्रश्न मिटला का? नाही. 2018 च्या आराखड्यात परवडणारी दहा लाख घरे करण्याची भाषा आहे. 2024 मध्ये म्हाडाने मुंबईतल्या 2,030 घरांची सोडत काढली, तिला एक लाखाहून अधिक अर्ज आले. आणि दुसरीकडे पाहा, 2011 च्या शिरगणतीत मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी होती, कुलूप लावलेली! म्हणजे घरे नुसती कमी आहेत असे नाही. जी आहेत ती गरजवंताला परवडत नाहीत. पैसेवाला घर घेतो आणि सोने ठेवावे तसे ठेवून देतो. आराखडा जमिनीला रंग देतो. घराची किंमत मात्र त्यात लिहिलेली नसते. आमच्या मते या साऱ्या आराखड्यांची उणीव ती हीच. भाड्याने मिळणारी, कामगाराच्या पगारात बसणारी घरे कोण बांधणार, याचे उत्तर अजून कोणी नीट दिलेले नाही.

आता शहर आणखी पुढे सरकले आहे. जानेवारी 2024 मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे 22 किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील 124 गावांच्या जागी नवे शहर करण्यासाठी सरकारने प्राधिकरण नेमले. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. तिथल्या हजारो शेतकऱ्यांनी हरकती दिल्या.

हरकत म्हणजे काय, तेही सांगतो. कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा आधी जाहीर करावा लागतो. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, नकाशे कचेरीत बघायला ठेवतात. ठरलेल्या मुदतीत कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. मग सुनावणी होते. 2015 मध्ये मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा त्यात ढीगभर चुका निघाल्या. उभ्या इमारतींवरूनच रस्ते आखले होते. लोकांनी हजारोंनी हरकती दिल्या. सरकारला तो मसुदा मागे घेऊन दुरुस्त करावा लागला.

अशी सूचना आपल्या भागात निघाली तर नकाशावर आपला गट नंबर शोधावा. त्यावर कोणता रंग आहे, त्यातून रस्ता जातो का, कसले आरक्षण आहे का, हे कचेरीतल्या माणसाकडून समजून घ्यावे. हरकत लिहून द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, शिक्का आणि तारखेसह. तोंडी सांगितलेले धरत नाहीत. सुनावणीचे बोलावणे आले की सातबारा आणि मोजणीचा नकाशा बरोबर न्यावा.