फिट आली तर घड्याळ बघा

सकाळी साडेसहा. निम्न तेरणा धरणाच्या पाण्यानं माकणीच्या शिवारात ऊस आला, आणि ऊस आला की उन्हं वर यायच्या आत माणसं रानात. मी आशा कार्यकर्ती. आजारी लेकरांचे आई-बाप घरात गाठायचे तर हीच वेळ, म्हणून माझ्या घरचा चहा मागं पडतो.

सात. मिरगी असलेल्या मुलीचं घर. रात्री फिट आली. आजीनं चप्पल हुंगवली, दातात चमचा घातला. मी रागावत नाही. रागावलं की पुढच्या खेपेला सांगतच नाहीत. आजीलाच झोपवून करून दाखवते: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबायचे नाहीत आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरला उभं राहिलेलं स्पर्श रुग्णालय जवळ आहे. आजी चुलीकडं गेल्यावर आई हळूच म्हणते, “ताई, लई दिवस काहीच नव्हतं, म्हणून गोळ्या बंद केल्या.” खरं कारण हे. गोळी आपल्या मनानं थांबवली की फिट उलटून येते, कधी आधीपेक्षा जोरात. थांबवायची ती डॉक्टरांनीच, आणि तीही कमी करत करत.

दहा. अंगणवाडी. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक इथं वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. जन्मजात दोष, कमतरता, आजार, वाढीतला उशीर असं सगळं बघतात. त्या दिवशी नेमकं जे लेकरू दाखवायचं तेच मामाच्या गावाला जातं. “ह्याचा बाप बी उशिराच बोलला,” हे उत्तर मी घरोघर ऐकलंय. बाप बोलला असेल. पोराचे कान मात्र आत्ताच तपासायचे.

बारा. कागदं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी धाराशिवला जायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडते. आधार, फोटो, जुने रिपोर्ट आदल्या दिवशीच पिशवीत भरून घेते. दिव्यांग कार्ड झालं की एसटीला ७५ टक्के सवलत. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असेल तर ‘निरामय’ योजनेतून वर्षाला १ लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो. हे पोस्टर लावून कळत नाही, ओट्यावर बसून सांगावं लागतं.

दोन ते चार. नोंदी. त्याबद्दल न बोललेलं बरं.

साडेचार. शाळा सुटली. टाइप १ मधुमेहाचा मुलगा. वडिलांना कुणीतरी पाल्याचा रस सांगितलाय. या आजारात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. रस पाजून ते तयार होत नाही. इंजेक्शन बंद केलं तर जीवावर बेततं. फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिन ओलसर माठात, सावलीला. पोराच्या खिशात साखरेची पुडी. घाम सुटला, हात थरथरले की ती लगेच खायची, हे त्याच्या गुरुजींनाही सांगून ठेवलंय.

रात्री आठ. फोन सुरू होतात, कारण बापांना वेळ आत्ता मिळतो. सेरेब्रल पाल्सीच्या लेकराला आडवं ठेवून भरवू नका, टेकवून बसवा. नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. हे मी रोज कुणाला तरी सांगते.

तुमच्या घरात फिट येणारं लेकरू असेल तर एक वही ठेवा. फिट किती वाजता आली, किती मिनिटं राहिली, कुठली गोळी चुकली, एवढंच. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांपुढं आठवत बसू नका, वही पुढं करा.