गळ व आमिष

नदीवर प्रथमच मासे धरावयास निघालेला नवशिका दुकानांतला मोठ्यांत मोठा गळ उचलतो. आमच्या मतें गळ निवडावयाचा तो माशाचें तोंड पाहून. रोहूचें तोंड लहान, त्यास बारीक गळ व कणकेची घट्ट गोळी पुरते. सैल मळलेली कणीक पाण्यांत विरून जाते. मरळीचा जबडा रुंद व दांतांनीं भरलेला, तिला जाड गळ व वर बेडूक किंवा लहान मासळी हवी. दुकानांतील अंक मात्र फसवे. १२ अंकाचा गळ ६ अंकाच्या गळाहून लहान असतो.

आरंभीं गांडूळच बरें. शेणखताजवळच्या ओल्या मातींत तें फुकट मिळतें, आणि पुष्कळ जातींचे मासे तें आवडीनें खातात.

गळाच्या टोंकामागील उलटा कांटा पकडीनें चेपून टाकावा, असा आमचा आग्रह आहे. एखादा मासा निसटेल, निसटूं द्यावा. परंतु लहान मासा फारशी इजा न होतां परत पाण्यांत सोडतां येतो. आणि तोच गळ आपल्या बोटांत रुतला (नवशिक्याच्या तो बहुधा रुततोच), तर मांस न फाडतां सरळ मागें ओढून काढतां येतो.