पाण्यातले न दिसणारे विष

मंडळी, भातावर कीड दिसली की पाठीवर पंप चढतो. फवारणी आटोपते आणि पंप धुवायला आपण जवळचाच ओहळ गाठतो. जव्हार-मोखाड्यात पाऊस मुबलक. वाटते, उरलेसुरले औषध वाहून जाईल, त्याचे काय एवढे! पण ते जाते कुठे? आपल्या ओहळाच्या खालच्या अंगाला दुसऱ्या पाड्याचा पाणवठा असतो. वैतरणेचे पाणी तर मोडकसागरातून १९५७ पासून आणि मध्य वैतरणा धरणातून २०१४ पासून मुंबईला जाते.

आता तुम्ही म्हणाल, पाणी तर नितळ दिसते, मग विष ओळखायचे कसे?

शाळेत एक सोपा प्रयोग करता येतो. ग्लासभर पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे फिक्कट गुलाबी पाणी थोडेसे घाला. पाण्यात कुजका पाला, सांडपाणी असले, तर रंग हळूहळू उडतो. मात्र गुरुजींनी मुलांना हेही सांगावे, की पाण्यातल्या लोहानेही रंग उडतो. शिवाय कीटकनाशक इतके थोडे असते, की या प्रयोगात ते सापडतच नाही.

थोडे म्हणजे किती? दहा-दहा हजार लिटरचे पाच टँकर ओळीने उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एकच थेंब टाका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात डीडीटीची मर्यादा साधारण एवढीच आहे : लिटरमागे एक मायक्रोग्रॅम. हा थेंब शोधायला प्रयोगशाळाच लागते. तिथे पाण्यात एक द्रावक घालून हलवतात. औषध पाणी सोडून त्यात उतरते. मग तो द्रावक आटवून त्याचा अंश तापलेल्या, लांबलचक, केसासारख्या बारीक नळीतून वायूबरोबर सोडतात. बाजारातून परतणारी माणसे आठवा. जो दुकानोदुकानी थांबतो तो उशिरा घरी पोचतो, जो सरळ चालतो तो लवकर. तसेच प्रत्येक रसायन आपापल्या वेळेला नळीबाहेर पडते. वेळेवरून नाव कळते, खुणेच्या आकारावरून प्रमाण. क्लोरिनयुक्त औषधांचा लवलेशही टिपणारे साधन जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५७ च्या सुमारास तयार केले. त्यानेच डीडीटी किती दूरवर पसरली आहे, हे जगाला कळू लागले.

पण यंत्र कितीही चांगले असले, तरी नमुना चुकला की सारे फुकट. प्लॅस्टिकची बाटली औषध शोषून घेते. म्हणून प्रयोगशाळेने दिलेली गडद रंगाची काचेची बाटली वापरा, ती बर्फात ठेवा आणि लगेच पोचवा. ‘कीटकनाशकाची तपासणी हवी’ असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. नेहमीच्या तपासणीत ती होतेच असे नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी उकळले किंवा त्यात टीसीएल टाकले की जंतू मरतात, पण औषध तसेच राहते. तेव्हा खरा उपाय पाणवठ्याच्या आधीच करायचा. पंप शेतातच, विहिरीपासून आणि ओहळापासून दूर धुवा. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल भरू नका. ओहळात एकाएकी मासे मेलेले दिसले, तर ते खाऊ नका, खालच्या पाड्यांना निरोप धाडा आणि ग्रामपंचायतीला कळवा.

उन्हाळ्यात झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या आयाबहिणींना त्या पाण्याचे मोल ठाऊक आहे. ते पाणी आपल्याच हातून नासू नये, एवढे तरी आपण पाहू या.