हातात बांगड्या भरलेल्या

वाचकहो, आपल्या पेण-रोह्याकडे एखाद्या गड्याने कच खाल्ली, की पारावरून कोणीतरी म्हणतोच, "बांगड्या भर हातात!" तुम्हीही कधी म्हणाला असाल. बांगड्यांच्या याच हातांनी गुडघाभर चिखलात भाताची लावणी होते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येत नाही. गौरीला साडी-नथ घालताना जो शृंगार मंगल, तोच एरवी दुबळेपणाची खूण!

हा टोमणा तृतीयपंथी स्त्रीला फार सोसावा लागतो. जन्मली मुलगा म्हणून, पण मनाने बाई. 'मर्द असून बाई झाली' यात लोकांना मोठी नामुष्की वाटते. बाईपण हलके मानले म्हणूनच ना?

तिला वाटते, बायकांच्या चळवळीत तरी आसरा मिळेल. तिथेही सगळी दारे उघडी नव्हती. अमेरिकेतील स्त्रीवादी लेखिका जॅनिस रेमंड यांनी १९७९ साली पुस्तक लिहून अशा स्त्रियांना पुरुषच ठरवले. काही जणींना कुंकू-बांगडी म्हणजे गुलामीच वाटे. त्यालाही कारण आहे. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, ही सक्तीच होती. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ती बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ साली. पण सक्ती वेगळी, आवड वेगळी. तृतीयपंथी स्त्री नटली तर 'सोंग', न नटली तर 'ही कसली बाई?' ज्युलिया सेरानो ही स्वतः तृतीयपंथी असलेली अमेरिकन लेखिका. बाईपणाचा हा तिटकाराच मुळाशी आहे, असे तिने २००७ साली मांडले.

अमेरिका दूर राहिली. आपल्या जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुकचे ऐका. अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. तृतीयपंथी म्हणून तो छाननीत फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. यापुढे संधी साधण्यासाठी पुरुष म्हणवून घेणार नाही, असे त्यांनी तिथे सांगितले. (दुसऱ्या कोणा उमेदवार बाईला असे सांगावे लागते का?) न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी जानेवारी २०२१ मध्ये अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला.

प्रचाराला दिवस थोडेच उरले होते. त्याच महिन्यात मतदान झाले, आणि भादलीकरांनी अंजलीताईंना निवडून दिले.