शेवट आधी सांगणारी सुरुवात

कथेच्या सुरुवातीला वाचकाला कोड्यात टाका, काहीतरी हातचं राखा, असा सल्ला नवोदितांना सर्रास मिळतो. नाशिकच्या दोन लेखकांनी नेमकं उलटं केलं. विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 साली आला. त्याच नावाच्या कथेतलं गुपित भोवतालच्या पात्रांपासून लपलेलं आहे, वाचकापासून नाही. परगावी रेल्वेत नोकरीला लागलेला नायक राहायला जागा शोधतो, लोक त्याला आपल्यातला समजून जवळ करतात. आणि शीर्षकातच कबुली वाचलेल्या आपल्याला साधी विचारपूसही धोक्याची वाटू लागते. जात अखेरीस उघड करून धक्का देता आला असता, पण तो एकदाच बसला असता. इथे जीव पहिल्यापासून टांगणीला लागतो. दुसरे लेखक वि. वा. शिरवाडकर. त्यांचं ‘नटसम्राट’ हे नाटक 1970 साली रंगमंचावर आलं, तेही असंच. वृद्ध नट गणपतराव बेलवलकरांच्या सत्काराने नाटक उघडतं, ते बोलतात आपल्याशीच, म्हणजे तिकीट काढून आलेला प्रेक्षक सत्काराचा पाहुणा होऊन बसतो. मग ते मिळकत मुलांना वाटून टाकतात. ‘किंग लिअर’ वाचलेल्याला पुढचं दिसतंच. न वाचलेल्यालाही दिसतं, कारण असे म्हातारे गावोगावी असतात.

रहस्यकथेचं काय, असं कुणी म्हणेल. पण तिथेही खून बहुधा लवकरच पडतो. झाकलेलं असतं ते खुन्याचं नाव, आणि ते कळल्यावर पुस्तक पुन्हा हातात घेणारे थोडेच. शेवट ठाऊक असेल तर वाचेल कोण, हा आक्षेप अधिक वजनाचा वाटतो. तो निदान नाशिकच्या पंचवटीत तरी टिकत नाही. सीताहरण इथेच झालं असं मानणाऱ्या गावात रामकथेला श्रोते कमी पडलेले नाहीत, आणि सोन्याचं हरिण आलं की कासावीस होतो तो पुढचं माहीत असलेलाच. अर्थात, नुसतं भाकीत करून भागत नाही. अनोळखी माणसाच्या नाशाची बातमी आपण चहा पिता पिता वाचतो. शिरवाडकर म्हणूनच आधी बेलवलकरांना मनसोक्त बोलू देतात, त्यांचा रुबाब, मिश्किलपणा, बायकोवरची माया दाखवतात. मिळकतीचे कागद त्यानंतर निघतात.