उसाचं बिल, दुधाचा पगार आणि रेशनची पिशवी

पगारदार माणूस एक तारखेला किराण्याची यादी करतो. इंदापूर तालुक्यातल्या बहुतेक घरांना अशी एक तारीख कधी नव्हतीच. उसाचा पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो आणि रोजगाराची हजरी आठवड्याच्या बाजाराला मिळते. जो पैसा ज्या दिवशी यायचा, त्यावर त्या घरचं जेवण ठरायचं. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत इथल्या बायकांनी घरखर्च कसा भागवला हे बघायचं, तर आधी या तीन पैशांचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं. आणि त्याबरोबर हेही, की स्वस्ताईचा प्रत्येक कागद घरात कुणाच्या नावावर होता.

सुरुवात 1972 पासून करू, कारण अजूनही म्हातारी माणसं ‘दुष्काळाआधी’ आणि ‘दुष्काळानंतर’ अशीच कालगणना करतात. नीरा डावा कालवा 1885 पासून वाहत होता, त्यामुळे त्याच्या पाण्याखालच्या गावांत ऊस होता, पैसा होता. कालव्याचं पाणी न पोचलेल्या जिरायती गावांत मात्र जगणं एका ज्वारीवर. त्या वर्षी ज्वारीच आली नाही. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी धड थापली जात नसे आणि घशाखाली उतरत नसे, पण तीच खाऊन माणसं तगली. दुष्काळी कामावर, खडी फोडायच्या जागी, सुकडी वाटली जायची. शेजारच्या बारामती भागात तर दुष्काळाच्या आधीपासूनच चर्चच्या मदत संस्थेमार्फत आलेलं धान्य आणि खाद्यतेल देऊन पाझर तलावांची कामं सुरू होती. मजुरी पातेल्यात शिजवता येईल अशाच रूपात मिळत होती. पुढे 2001 च्या संपूर्ण ग्रामीण रोजगार योजनेत दिवसाला किमान पाच किलो धान्य आणि उरलेली रोख, अशी तीच पद्धत दिल्लीहून परत आली.

त्या काळात ‘नियोजन’ हा शब्द कुणी वापरत नसे, पण ते नियोजन फार कडक होतं. ज्वारी पेवात किंवा कणगीत, वर कडुलिंबाचा पाला. डाळ कमी पडली की हुलगे. हुलग्याचं माडगं आणि शेंगोळे आता हॉटेलच्या फलकावर ‘गावरान’ म्हणून मिरवतात. तेव्हा ते केले जायचे कारण घरात दुसरं काही नसायचं. पुढची सुगी येईपर्यंत पेव किती वेळा उघडायचं, हा हिशेब म्हातारीच्या डोक्यात असे आणि त्यात सुनेनं लुडबूड केलेली तिला चालत नसे.

उसाच्या गावांची गोष्ट वेगळी. पन्नाशीच्या दशकात बारामतीला माळेगाव आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगरला छत्रपती हे सहकारी कारखाने उभे राहिले. पुढे तालुक्यात बिजवडीचा कर्मयोगी शंकरराव पाटील, मग नीरा-भीमा. कारखान्याचा शेअर घेतलेल्या शेतकऱ्याला उसाच्या दराबरोबर आणखी एक गोष्ट मिळायची, सवलतीची साखर. शेअरप्रमाणे ठरावीक किलो, दिवाळीला जादा. गट कार्यालयात कार्ड दाखवायचं, पैसे भरायचे, पोतं सायकलला नाहीतर बैलगाडीला लावायचं. बाजारातली साखर कितीही चढो, सभासदाच्या घरात लाडू-करंज्यांचा हिशेब बिघडत नसे. शहरात लोक कूपनं कापून साबणावर सूट मिळवत होते त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे हे सगळ्यात भक्कम कूपन चालू होतं.

यात विरोधाभास होता, आणि तो रोज डोळ्यांसमोर असायचा. कारखान्याच्या साखरेतला मोठा वाटा सरकार लेव्ही म्हणून ठरावीक दरानं घेई आणि तीच साखर रेशनवर माणशी काही ग्रॅमांच्या मापानं मिळे. 2013 साली लेव्ही संपली. म्हणजे धुराडं एकच, पण त्याच्या सावलीत राहणाऱ्या सभासदाच्या घरात पोतं आणि शेतमजुराच्या घरात पावशेराची पुडी. आयकर खात्यानंही ही सवलत बारकाईनं पाहिली. सभासदाला बाजारभावापेक्षा कमी दरानं साखर देणं म्हणजे नफा वाटणंच की, असा वाद कराडकडच्या कृष्णा कारखान्याच्या प्रकरणात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2012 साली तिथं त्यावर सुनावणी झाली. दिवाळीच्या लाडवाची साखर दिल्लीच्या न्यायालयात तोलली गेली, हे आमच्या गट कार्यालयाबाहेरच्या कट्ट्यावर बऱ्याच जणांना माहीतही नसेल.

शेअर मात्र बहुतेक बापाच्या, नवऱ्याच्या नावावर. तसंच उसाचं बिलही. पहिली उचल, उन्हाळ्यानंतरचं कांडे पेमेंट, दिवाळीचं बिल. त्यातून सोसायटीचं कर्ज कापून जे उरेल ते. त्यामुळे बागायतदाराच्या घरातली मोठी खरेदी या तारखांना बांधलेली: गव्हाची पोती, तूरडाळ, मिरची, तेलाचे डबे. वर्षाचं एकदम घेतलं की दुकानदार दर कमी लावतो, हे खरं. पण वर्षाचं एकदम घ्यायला हातात वर्षाचा पैसा असावा लागतो. काटकसरीच्या सल्ल्यांत ही अट कुणी सांगत नाही. ज्याच्याकडे पैसा असतो त्यालाच स्वस्त मिळतं. मजुराची बायको पावशेर तेल रोज घेते आणि महिन्याअखेर तिचा लिटर डब्यापेक्षा महाग पडतो.

या दोन टोकांच्या मधे दूध आलं. संकरित गाया आल्या, गावोगावी संकलन केंद्रं झाली आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होऊ लागला. माझ्या मते इथल्या स्वयंपाकघराचा चेहरा उसापेक्षा दुधानं जास्त बदलला. उसाच्या पैशातून बोअर, ट्रॅक्टर, लग्न. दुधाच्या पैशातून चहा-पत्ती, तेल, मुलांची बिस्किटं. डेअरीवाला पेंडीचे पैसे कापून घ्यायचा, उरलेले किराणा दुकानात जायचे. पहाटे चारला उठून धार काढायची बाईनं आणि खातं बहुधा नवऱ्याचं, हे मात्र बरीच वर्षं तसंच राहिलं.

रेशनकार्डाचा प्रवास थोडक्यात सांगतो. 1 मे 1999 ला राज्यात पिवळं, केशरी, पांढरं अशी तीन रंगांची कार्डं झाली आणि रंग हीच घराची ओळख बनली. त्याच्या पुढच्या वर्षी अंत्योदय आली, दोन रुपयांनी गहू, तीन रुपयांनी तांदूळ. शाळेतूनही धान्य यायचं: 1995 पासून हजेरी पुरेशी असेल तर पोरामागे महिन्याला तीन किलो तांदूळ. पोरगं तापानं फणफणलं असतानाही शाळेत धाडणाऱ्या आया होत्या, कारण हजेरी चुकली तर तांदूळ चुकला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शाळेतच खिचडी शिजू लागली आणि ती पिशवी घरी यायची थांबली. पोराच्या ताटाच्या दृष्टीनं ते बरंच झालं. त्याच काळात, 1995 साली, एक रुपयात झुणका-भाकर आली. एसटी स्टँडांबाहेर टपऱ्या लागल्या आणि काही वर्षांत उठल्याही.

रेशनची रांग आणि रॉकेलची रांग या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. धान्य आलं की चार दिवस मिळायचं. रॉकेल टँकर आला त्या दिवशीच. खबर लागली की बाई हातातलं खुरपं टाकून डबा घेऊन धावायची, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून. त्या डब्यात किती रुपये वाचले आणि किती गेले, याचा हिशेब कधी मांडला गेला नाही. बाईचा वेळ फुकट धरायची सवय सरकारला होती, दुकानदाराला होती आणि घरच्यांनाही होती.

हाच हिशेब वाळवणाचा. एप्रिल-मेमध्ये कुरडई, पापड, सांडगे, शेवया. कुरडईचे गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं छपरावर पाडायचा. जावा-जावा, शेजारणी एकमेकींकडे जायच्या; आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. या कामाचं गोड-गोड वर्णन करणारे लेख मी पुष्कळ वाचलेत. ते लिहिणाऱ्यांनी मेच्या उन्हात छपरावर वाकून सोऱ्या दाबला असेल असं वाटत नाही. हेही खरं, की पावसाळ्यात भाजी महाग झाली किंवा अवचित पाहुणा आला तर याच डब्यांनी घर सावरलं. सांडग्याच्या आमटीला दहा मिनिटं पुरतात. मेमध्ये घातलेला वेळ ऑगस्टमध्ये परत मिळायचा. हे वेळेचं पेव होतं, फरक एवढाच की भरणारी एकटी आणि खाणारं सगळं घर.

वेळ वाचवणाऱ्या गोष्टी एकेक करून आल्या, आणि त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी गिरणी, मग प्रेशर कुकर, मग मिक्सर, आणि गॅस सगळ्यात शेवटी. लोडशेडिंगच्या वर्षांत गिरणीपुढे पिठाच्या डब्यांची रांग लागायची. बाई घरी जाऊन यायची, डबा तिची जागा धरून बसायचा. शेतमजुरांच्या घरी गॅस पोचला तो 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर, तोही दुसरं सिलिंडर परवडेल त्यांच्याकडेच टिकला.

काटकसरीच्या खासगी व्यवस्थाही होत्या. चहाच्या पुड्यातली कूपनं जमवून स्टीलची वाटी मिळवणं हा एका पिढीचा छंद होता. बायका चहा जास्त प्यायच्या की वाटीसाठी पुडे जास्त आणायच्या, ते त्यांनाच ठाऊक. त्याहून उपयोगी होती दिवाळीची भिशी. दर महिन्याला दुकानदाराकडे थोडे थोडे पैसे भरायचे आणि दिवाळीला रवा, मैदा, तेल, डाळ, खोबऱ्याचा संच घ्यायचा. यात व्याज मिळत नसे, पण सणाला सावकाराचं दारही धरावं लागत नसे. मुंबईत 1975 पासून ग्राहक पंचायतीनं याच सूत्राची शिस्तबद्ध यंत्रणा केली. शेजारची कुटुंबं मिळून संघ करायचा, महिनाभर आधी मागणीपत्रक भरायचं, माल घाऊक आणायचा आणि सदस्यांनी आपसांत वाटून घ्यायचा. ती चळवळ एक तारखेच्या पगारावर उभी होती. आमच्याकडे पगारच तीन तऱ्हांचे, त्यामुळे भिशीच चालली.

आणि या सगळ्या हिशेबाच्या बाहेर उसाच्या फडात दर हिवाळ्यात एक वस्ती उभी राहते. बीड-नगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबं पाच-सहा महिन्यांची बाजरी पोत्यात घालून सोबतच आणतात. मुकादमाकडून मिळणाऱ्या खर्चीत तेल-मीठ-मिरची. कोयता धरणारी बाई पहाटे तीनला कोपीपुढे चूल पेटवून दिवसभराच्या भाकरी थापून घेते, कारण गाडी भरायला कधी लागेल याचा नेम नाही. जेवणाचं इतकं काटेकोर नियोजन कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात नाही. पण ऊस तोडणाऱ्या या हातांना सवलतीच्या साखरेचं कार्ड नाही. रेशनकार्ड असायचं गावाकडे. देशभर कुठंही धान्य उचलायची सोय झाल्यापासून इथंही मिळू शकतं, पण फडातून दुकान गाठायला दिवस मोडतो.

कागद कुणाच्या नावावर, याचं उत्तर पहिल्यांदा बदललं ते 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं. राज्यात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला आणि रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचं नाव आलं. माणशी पाच किलो धान्य. कोरोनात, 2020 च्या एप्रिलपासून, त्यावर आणखी पाच किलो मोफत. 2023 पासून तर हक्काचं धान्यच मोफत झालं. दहा रुपयांची शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली आणि टाळेबंदीत पाच रुपयांवर आली. 2022 च्या दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ आला, शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. दुकानदाराची भिशी ज्यासाठी होती ते काम काही सण सरकारनं केलं. 2025 च्या दिवाळीला तो संच आला नाही, आणि ज्यांनी त्याच्या भरवशावर भिशी मोडली होती त्यांची पंचाईत झाली. जुलै 2024 पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार मात्र बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. निवडणुकीचं राजकारण त्यात आहेच, पण किराण्याच्या यादीला प्रथमच महिन्याची एक ठरावीक रक्कम मिळाली, हेही नाकारता येत नाही.

आता कुरडया बचत गटाकडून विकत आणणाऱ्या सुना इंदापुरात पुष्कळ आहेत. सासूबाई नाक मुरडतात, किलोचा भाव ऐकून हळहळतात. सून विचारते, “आत्या, चार दिवसांची हजरी किती होते ते सांगा की.” सासूबाईंकडे याचं उत्तर नसतं, कारण त्यांच्या चार दिवसांना कुणी कधी हजरी लावलीच नव्हती. शनिवार-रविवारी बारामतीच्या मोठ्या दुकानात ‘एकावर एक फ्री’ असतं. मोबाईलवर त्याचा मेसेज आला की नवरा गाडी काढायला तयार होतो. सून मात्र आधी हिशेब करते: जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, पेट्रोल, मुलांचं खाणं, अख्खा दिवस. मग ती यादी कोपऱ्यावरच्या वाण्याला पाठवते आणि खाली लिहिते, “दादा, साखर सोडून. ती कारखान्याची येतेय.”