कॉन्व्हेंट या शब्दामागचे घर

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी ‘सिस्टर’ म्हटले की दवाखान्यातली परिचारिका डोळ्यांसमोर येते आणि ‘कॉन्व्हेंट’ म्हटले की इंग्रजी माध्यमाची शाळा. दोन्ही शब्द मराठीत इतके रुळले आहेत की त्यांचा मूळ धनी कोण हे कोणी विचारीत नाही. युरोपात रुग्णसेवा शतकानुशतके धर्मव्रत घेतलेल्या स्त्रियांच्या हाती होती, म्हणून त्यांचे ‘भगिनी’ हे संबोधन पुढे इस्पितळातल्या परिचारिकेला चिकटले. आणि ‘कॉन्व्हेंट’ ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्या ‘कोन्व्हेन्तुस’चा अर्थ शाळा असा नसून एकत्र येणे, जमणे असा आहे. शाळा आणि दवाखाना ही या स्त्रियांची कामे होत, पण त्यांच्या जीवनाचा गाभा रक्ताचे नाते नसलेल्या स्त्रियांनी एका नियमाखाली, एका चुलीवर, आपले म्हणून काही न ठेवता जन्मभर एकत्र राहण्यात आहे, आणि हा गाभा ध्यानात घेतल्याशिवाय कॅथलिक धर्मभगिनीचे जीवन समजत नाही.

परभणी जिल्हा कॅथलिक ख्रिस्तसभेच्या रचनेत औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. धर्मप्रांत म्हणजे एका महागुरूच्या, अर्थात बिशपच्या, अखत्यारीतला प्रदेश. मराठवाड्यासाठीचा हा धर्मप्रांत १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळा काढण्यात आला. केरळ, मंगळुरू, गोवा, वसई अशा ठिकाणांहून आलेल्या धर्मभगिनींना मराठवाड्यात काम करायचे तर आधी इथली बोली कानात साठवावी लागते, आणि इथे बदली होणार की नाही हे त्यांच्या इच्छेवर नव्हे, तर आपल्या भगिनीसंघाच्या निर्णयावर अवलंबून असते.

मराठीत सरसकट ‘नन’ म्हटले जाते, परंतु ख्रिस्तसभेच्या कायद्यात दोन प्रकार वेगळे मानले आहेत. पहिला प्रकार बंदिस्त मठात राहून प्रार्थनेलाच वाहून घेणाऱ्या स्त्रियांचा, आणि काटेकोर अर्थाने ‘नन’ त्याच. दुसरा शाळा, दवाखाने, वस्त्या यांत वावरणाऱ्या ‘सिस्टर’चा. १२९८ मध्ये आठव्या बोनिफास पोपनी सर्व व्रतस्थ स्त्रियांनी मठाच्या भिंतींआड राहावे असा आदेश काढला, १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तो अधिक कडक केला, आणि तरीही अनाथ, रुग्ण, निरक्षर यांच्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या स्त्रियांचे संघ निघतच राहिले. या संघांना पूर्ण अर्थाने व्रतस्थ म्हणून मान्यता मिळाली ती १९०० साली, तेराव्या लिओ पोपच्या फर्मानाने. आज रस्त्यात सहज भेटणारी धर्मभगिनी कायद्याच्या लेखी इतकी अलीकडची आहे.

मराठी वाचकाला हे जीवन परके वाटण्याचे खरे तर कारण नाही, कारण पाथरी तालुक्याला लागून वाहणाऱ्या गोदावरीच्या वरच्या अंगाला, गेवराई तालुक्यात, पांचाळेश्वर हे महानुभावांचे तीर्थ आहे आणि त्या पंथाने तेराव्या शतकातच स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला होता. चक्रधरस्वामींच्या परिवारातली महदाइसा, जिला ‘धवळ्यां’मुळे आद्य मराठी कवयित्री म्हटले जाते, ही अशीच घर सोडून आलेली, प्रश्न विचारणारी, पंथात मान असलेली स्त्री होती. फरक आहे तो राहणीच्या विचारात. महानुभाव आचारात अटन म्हणजे सतत फिरणे, विजन म्हणजे निर्जन जागी नामस्मरण करणे आणि भिक्षा यांना महत्त्व असल्यामुळे एका जागी मुक्काम ठेवणे हाच मोहाचा धोका मानला गेला. उलट कॅथलिक परंपरेत, विशेषतः इ. स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी घालून दिलेल्या नियमात, एकत्र राहणे हीच साधना ठरली. माणूस एकटा असला की आपल्या सद्गुणांविषयी त्याचा गैरसमज सहज होतो आणि शेजारच्या खोलीतल्या व्यक्तीशी रोज जुळवून घेताना तो दूर होतो, असा या परंपरेचा अनुभव आहे.

याच ऑगस्टीनच्या नियमावर आशियातला स्त्रियांचा पहिला मोठा मठ १६०६ मध्ये जुन्या गोव्यात आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी स्थापिला, तो सांता मोनिका. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातच छापले गेले, म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्य आणि या भूमीतले स्त्रियांचे मठजीवन ही जवळजवळ बरोबरीची भावंडे आहेत. सांता मोनिका हा बंदिस्त मठ होता. पोर्तुगीज घराण्यांतल्या मुली व विधवा तिथे येताना आपल्याबरोबर हुंड्यासारखी रक्कम आणीत, त्यातून मठ श्रीमंत झाला आणि शहराच्या कारभाऱ्यांशी त्याचे तंटेही झाले. वैयक्तिक दारिद्र्याचे व्रत आणि संस्थेची श्रीमंती हा पेच तेव्हापासूनचा आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने नव्या उमेदवारांना प्रवेश बंद केला, तेव्हा मठ एकदम न मिटता एकेका वृद्धेबरोबर ओसरत गेला आणि १८८५ मध्ये शेवटची नन वारली. १९६४ मध्ये त्याच वास्तूत धर्मभगिनींना ईश्वरविद्या शिकवणारी ‘मातेर देई’ संस्था सुरू झाली. जिथे पूर्वी लोखंडी जाळीआडून बोलावे लागे, तिथे भारतभरच्या संघांतल्या भगिनी वर्गात बसू लागल्या, हे स्थित्यंतर कोणत्याही फर्मानापेक्षा बोलके आहे.

संघात येण्याची वाट लांब असते आणि ती मुद्दामच लांब ठेवलेली आहे. आधी उमेदवारी, म्हणजे घर आणि मठ यांच्या उंबरठ्यावरचा परिचयाचा काळ. मग नवदीक्षा, जिच्यासाठी सतरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि जी किमान बारा महिने चालते. त्यानंतर ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतली जातात, पण तीही प्रथम तात्पुरती, किमान तीन वर्षांसाठी. ही मुदत वाढवून एकूण नऊ वर्षांपर्यंत नेता येते. आजन्म व्रत एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी घेता येत नाही, आणि प्रत्यक्षात ते बहुधा त्याहून पुष्कळ उशिरा घेतले जाते. जी परंपरा मुलीला इतक्या वेळा ‘अजून विचार कर’ असे सांगते, तिच्यावर फसवून नेल्याचा सरसकट आरोप करणे न्यायाचे नाही.

दिवस घड्याळाने बांधलेला असतो. प्रत्येक घरात एक छोटे प्रार्थनागृह असावेच लागते. पहाटे तिथे मौन चिंतन, मग प्रातःप्रार्थना, धर्मगुरू उपलब्ध असतील तर मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षरस यांच्या रूपातली ख्रिस्ताच्या बलिदानाची उपासना, आणि त्यानंतर कामाला जाणे. संध्याकाळी पुन्हा सायंप्रार्थना, जपमाळ, सामुदायिक जेवण, थोडा गप्पांचा वेळ आणि निजण्यापूर्वीची प्रार्थना. या प्रार्थनांचा कणा म्हणजे बायबलमधली १५० स्तोत्रे. संत बेनेदिक्त यांच्या सहाव्या शतकातल्या नियमात ती एका आठवड्यात पुरी म्हटली जात, तर आजच्या प्रार्थनाग्रंथात त्यांतली बहुतेक चार आठवड्यांत वाटलेली आहेत. त्यांत आनंद आहे तसा संतापही आहे, आणि ज्या दिवशी मन कोरडे असते त्या दिवशीही ती म्हणावीच लागतात. वारकऱ्याच्या नित्य हरिपाठाची ज्याला सवय आहे, त्याला नेमाचे हे बळ वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दारिद्र्याच्या व्रताचा अर्थ उपाशी राहणे असा नसून मालकी सोडणे असा आहे. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेप्रमाणे पहिल्या व्रताआधी भगिनीने आपल्या मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवायची असते, आजन्म व्रताआधी देशाच्या कायद्यालाही चालेल असे मृत्युपत्र करायचे असते, आणि पुढे ती जे काही श्रमाने कमावते किंवा निवृत्तिवेतन म्हणून मिळवते ते संघाचे होते; त्याच्या बदल्यात तिची गरज, आजारपण, म्हातारपण हे सारे संघाने पाहायचे असते. ही व्यवस्था भारतीय कायद्यासमोर आली ती प्राप्तिकराच्या निमित्ताने. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या भगिनी आणि धर्मगुरू यांच्या पगारातून कर कापावा की नाही, या वादात संघांचे म्हणणे असे होते की व्रत घेतलेल्या व्यक्तीचा लौकिक अर्थाने मृत्यूच झालेला असतो आणि पगार तिचा कधी होतच नाही. पगार आधी व्यक्तीच्या नावे जमा होतो, नंतर तो संघाला देणे हा त्या उत्पन्नाचा विनियोग होय, अशी भूमिका मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये घेतली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची अपिले फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने निकाल सरळ आहे. तरीही ज्या स्त्रीने आयुष्यभर स्वतःसाठी एक साडीही आपल्या मर्जीने घेतली नाही, ती करदाती म्हणून मात्र स्वतंत्र व्यक्ती ठरते, यातून दोन कायद्यांच्या ‘व्यक्ती’विषयीच्या कल्पना किती वेगळ्या आहेत ते दिसते.

तिसरे व्रत आज्ञापालनाचे, आणि आधुनिक मनाला सर्वांत बोचणारे तेच. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे ज्या भगिनीसंघात राहिल्या, तो कॅथलिक नसून अँग्लिकन होता, पण त्याची राहणी याच वळणाची होती. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांमधले त्या भगिनींचे काम पाहून रमाबाई भारावल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्याच संघातल्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा अधिकाऱ्याच्या हाती सोपवायला ठाम नकार दिला. तो नकार रास्त होता. आज कॅथलिक धर्मसंहितेतही वरिष्ठ भगिनीची, म्हणजे सुपिरियरची, मुदत ठरलेली असते, तिला सल्लागार मंडळाचे ऐकावे लागते, आणि हाताखालच्या भगिनीला आपले अंतःकरण उघड करायला भाग पाडण्याची तिला स्पष्ट मनाई आहे. नियम चांगला आहे. तो पाळला जातो की नाही हे प्रत्येक घराच्या भिंतीआड ठरते, आणि लहान घरात, जिथे तीन-चार जणीच राहतात, तिथे वरिष्ठेचा स्वभाव हाच अनेकदा नियम होऊन बसतो.

व्रत सोडण्याची वाटही कायद्यात आहे. तात्पुरत्या व्रताची मुदत संपल्यावर भगिनी निघून जाऊ शकते, आणि आजन्म व्रतातून मोकळे होण्यासाठी तिला वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मात्र धर्मसंहितेतल्या एका कलमानुसार संघात असताना केलेल्या कामाबद्दल तिला काहीही मागण्याचा हक्क राहत नाही. संघाने न्यायबुद्धीने आणि प्रेमाने वागावे एवढेच त्या कलमाच्या पुढच्या भागात म्हटले आहे. ज्या समाजात पन्नाशीच्या अविवाहित स्त्रीला माहेरीही जागा मिळणे कठीण जाते, तिथे एवढ्या मोघम शब्दांवर तिला सोडणे पुरेसे नाही. जाणाऱ्या भगिनीला किती काळ आधार द्यायचा, तिचे निवृत्तिवेतन कोणाकडे राहायचे, तिच्या औषधपाण्याचे काय, हे प्रत्येक संघाने आपल्या घटनेत आकड्यांनिशी लिहून ठेवले पाहिजे, आणि ते नवदीक्षेच्या पहिल्याच वर्षी मुलीला वाचून दाखवले पाहिजे.